अर्ज एकदाच भरू द्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

प्रवेश, शिष्यवृत्ती, पीक विमा आणि दाखल्यांच्या अर्जांचा हंगाम आला की चोपडा, शिरपूर, शहाद्यापासून पार धडगावपर्यंत सेतू केंद्रांपुढे आणि सायबर कॅफेत रांगा लागतात. त्या रांगेतला बराचसा वेळ अर्ज भरण्यात नाही, तोच अर्ज पुन्हा भरण्यात जातो. चाळीस रकाने भरून 'सादर करा' दाबले, पडदा पांढरा झाला आणि पान परत आले ते वर लाल अक्षरांत 'आयएफएससी कोड चुकीचा आहे' एवढी एक ओळ घेऊन. खाली सगळे कोरे. नाव, गट क्रमांक, खाते क्रमांक, फोटो, सही, पुन्हा पहिल्यापासून. अर्जदार म्हणतो नेट स्लो आहे, केंद्रचालक म्हणतो साइट डाऊन आहे. नेट मंद असेलही, पण भरलेले पुसले जाते ते अर्जाचे पान तसे बांधलेले असते म्हणून. ते नीट बांधणे अवघड नाही आणि महागही नाही. आपल्याकडची महाविद्यालये, पतसंस्था, नगरपालिका, बाजार समित्या आपापली संकेतस्थळे बहुधा जवळपासच्याच मुलांकडून करून घेतात. करणाऱ्यांनी आणि करून घेणाऱ्यांनी नेमके काय पाहावे, ते सांगण्यासाठी हे पत्र.

वेबच्या जुन्या रीतीत सबमिट दाबल्यावर ब्राउझर सगळ्या रकान्यांतला मजकूर गोळा करून सर्व्हरला, म्हणजे संकेतस्थळ जिथून चालते त्या संगणकाला, पाठवतो आणि सर्व्हरकडून येईल ते पान जुन्या पानाच्या जागी ठेवतो. जुने पान गेले की त्यात टाइप केलेलेही गेले. सर्व्हरने मनात आणले तर परतीच्या पानात नाव-पत्ता पुन्हा भरून देता येतो. ज्या ठिकाणी तेवढेही होत नाही, तिथे निव्वळ हेळसांड आहे. मात्र निवडलेली फाइल सर्व्हरला परत त्या रकान्यात ठेवता येत नाही. कुठल्याही संकेतस्थळाने आपल्या संगणकावरची फाइल परस्पर उचलू नये म्हणून ब्राउझरनेच ती मनाई केली आहे. म्हणून फोटो आणि सहीचा अर्ज असेल तर पान न बदलता तो पाठवणे हाच खरा उपाय.

हे तंत्र काही नवे नाही. मायक्रोसॉफ्टने 1999 मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर 5 सोबत त्याची सोय दिली, 2005 मध्ये त्याला 'एजॅक्स' हे नाव मिळाले आणि आजच्या जवळपास प्रत्येक मोबाइल ब्राउझरमध्ये त्याचे सोपे रूप 'फेच' नावाने तयार असते. पान जागेवर राहते, जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रामची भाषा) मागच्या मागे माहिती पाठवते, उत्तर आले की पानाचा हवा तेवढाच भाग बदलते. चुकीच्या रकान्याखाली चूक दिसते, बाकीचे एकोणचाळीस रकाने जसेच्या तसे.

बांधणी अशी. फॉर्मच्या 'सबमिट' या घटनेवर आपले फंक्शन लावायचे आणि त्यात पहिल्याच ओळीत 'प्रिव्हेंटडिफॉल्ट' म्हणून ब्राउझरची नेहमीची कृती थांबवायची. पुष्कळ जण हे फंक्शन फॉर्मऐवजी बटणाच्या क्लिकवर लावतात. ते टाळावे, कारण क्लिकची घटना ब्राउझरच्या स्वतःच्या तपासणीच्या आधी घडते. रकान्याला 'रिक्वायर्ड' (भरणे सक्तीचे) लिहिलेले असूनही कोरा अर्ज सर्व्हरकडे निघतो. मग 'फॉर्मडेटा' या वस्तूने सगळे रकाने, फाइलींसकट, एका फटक्यात गोळा करायचे आणि फेचला द्यायचे. इथे तीन चुका नेहमी होतात. ज्या रकान्याला 'नेम' हा गुणधर्म नाही तो फॉर्मडेटात येतच नाही, नुसता 'आयडी' चालत नाही. फॉर्मडेटा पाठवताना 'कंटेंट-टाइप'चा हेडर (माहिती कोणत्या प्रकारची ते सांगणारी ओळ) हाताने लिहिला तर त्यातली रकाने वेगळे करणारी सीमारेषेची खूण सुटते आणि सर्व्हरला काहीच वाचता येत नाही. तो हेडर ब्राउझरला लिहू द्यावा. तिसरी चूक शोधायला दिवस खाते. पाठवताना कुणी काही बदलू नये म्हणून आधी सगळे रकाने 'डिसेबल' केले जातात आणि नंतर फॉर्मडेटा बनवला जातो. डिसेबल रकाना फॉर्मडेटात धरला जात नाही. सर्व्हरला मिळतो रिकामा अर्ज, आणि तो म्हणतो 'नाव भरा', जेव्हा नाव समोर ठळक दिसत असते. क्रम उलटा हवा, आधी गोळा करा, मग कुलूप लावा.

फॉर्मच्या टॅगमध्ये 'मेथड पोस्ट' (पाठवण्याची रीत) आणि 'ॲक्शन' (कुठे पाठवायचे तो पत्ता) हे दोन्ही लिहून ठेवावेत, पाठवण्याचे काम जावास्क्रिप्ट करणार असली तरी. मेथड लिहिली नाही तर ब्राउझर 'गेट' धरतो. एखाद्या दिवशी स्क्रिप्टची फाइल उतरली नाही किंवा तिच्यात एक स्वल्पविराम चुकला, की फॉर्म जुन्या रीतीने जातो आणि गेट असल्यामुळे आधार क्रमांक, खाते क्रमांक सगळे पत्त्याच्या पट्टीत उमटते. कॅफेच्या संगणकावर ते ब्राउझरच्या इतिहासात राहते, सर्व्हरच्या नोंदवहीतही राहते. शिवाय देवनागरीचे प्रत्येक चिन्ह पत्त्यात नऊ अक्षरे व्यापते, म्हणजे नुसते 'जळगाव' लिहायला 45 अक्षरे लागतात. पोस्ट लिहिलेले असेल तर स्क्रिप्ट बंद पडली तरी अर्जातला मजकूर जातो आणि माहिती उघड्यावर पडत नाही.

सर्वांत जास्त नुकसान होते ते उत्तर वाचण्यातल्या चुकीने, आणि त्याबद्दल आम्हाला थोडे सविस्तर लिहायचे आहे. सर्व्हर कोलमडून 500 क्रमांकाची चूक आली, पान सापडले नाही म्हणून 404 आला, तरी फेचच्या लेखी ते 'उत्तर मिळाले' असेच असते. नेटच तुटले तरच तो चूक झाली असे मानतो. त्यामुळे उत्तर मिळताच 'आपला अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला' असे हिरव्या चौकटीत दाखवणारी पाने आहेत, आणि अर्ज मात्र कुठेच नोंदलेला नसतो. उत्तराचा 'ओके' हा गुण तपासावा हे पुस्तकात शिकवतात, पण तेवढ्यानेही भागत नाही. अर्ज भरता भरता सत्राची, म्हणजे एकदा केलेले लॉगिन टिकण्याची, मुदत संपली, तर बरेच सर्व्हर विनंतीला लॉगिनच्या पानाकडे वळवतात. फेच गुपचूप तिकडे जातो, लॉगिनचे पान घेऊन येतो आणि ते पान व्यवस्थित मिळाल्यामुळे उत्तर 200, म्हणजे यशाचा क्रमांक, सगळे ओके! पीएचपी या सर्व्हरवरच्या भाषेत सत्राची ठरीव मुदत 1440 सेकंद, म्हणजे 24 मिनिटे असते. सातबाऱ्याचा फोटो घरून मागवायचा, पासबुक शोधायचे, यात 24 मिनिटे सहज उलटतात. म्हणून नियम एकच ठेवावा: सर्व्हरच्या उत्तरात अर्ज क्रमांक असेल तरच यश. क्रमांक नाही तर यश नाही, मग कोड काहीही असो. जुन्या रीतीत निदान चुकीचे पान तरी डोळ्यांसमोर यायचे. न तपासता केलेली नवी रीत खोटी पोचपावती देते, आणि खोट्या पोचपावतीवर विसंबलेल्या मुलाचे वर्ष जाते.

अर्ज गेला पण उत्तरच आले नाही, ही याहून नाजूक अवस्था. मोलगी, अक्कलकुवा भागात किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत रेंज येते-जाते. विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचली, नोंद झाली, आणि उत्तर परत येताना सिग्नल गेला, असे होते. अशा वेळी पान 'अर्ज गेला नाही, पुन्हा प्रयत्न करा' म्हणते, माणूस पुन्हा दाबतो आणि एकाच माणसाचे दोन अर्ज नोंदतात. पुढे छाननीत 'दुबार अर्ज' म्हणून दोन्ही बाजूला पडायची भीती. नुसते बटण बंद ठेवून हे टळत नाही, कारण पान पुन्हा उघडता येते आणि दुसऱ्या मोबाइलवरूनही अर्ज करता येतो. उपाय सर्व्हरवर करावा लागतो. फॉर्म उघडतानाच सर्व्हरने एक लांब, सहज न ओळखता येणारा क्रमांक लपवलेल्या रकान्यात द्यावा. डेटाबेसमधल्या अर्जांच्या तक्त्यात त्या क्रमांकाचा स्तंभ 'युनिक' (तोच क्रमांक दोनदा न घेणारा) असावा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवी नोंद न करता आधीचाच अर्ज क्रमांक परत पाठवावा. एवढे केले की पानाला प्रामाणिकपणे सांगता येते, 'सर्व्हरकडून उत्तर आले नाही. पुन्हा दाबा, अर्ज दोनदा नोंदला जाणार नाही.' दुसऱ्या यंत्रावरून कुणी नवा फॉर्म उघडला तर हा क्रमांक वेगळा असणार. त्यासाठी योजना, वर्ष आणि अर्जदाराची ओळख मिळून आणखी एक युनिक अट तक्त्याला लावावी. ही वाक्ये पडद्यावर मराठीतच असावीत. 'समथिंग वेंट राँग' हे देवनागरीत लिहिले तरी शहाद्याच्या शेतकऱ्याला त्यातून काही कळत नाही.

फोटोंकडे वळू. मोबाइलचा कॅमेरा सहज तीन-चार एमबीचा फोटो काढतो. 256 केबीपीएस वेगाने 4 एमबी चढवायला दोन मिनिटांहून जास्त लागतात. फेचला स्वतःची वेळमर्यादा नसते म्हणून विकासक ती लावतात, ते योग्यच, पण सवयीने 30 सेकंद लावली तर मंद नेटवरून हा फोटो कधीच जाणार नाही, कितीही वेळा दाबा. सर्व्हरच्या बाजूलाही ठरीव मर्यादा बसलेल्या असतात. एनजिनएक्स या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरची 1 एमबी, पीएचपीची एका फाइलला 2 एमबी आणि सगळ्या अर्जाला मिळून 8 एमबी. ही 8 एमबीची मर्यादा ओलांडली की पीएचपी फोटो तर टाकून देतेच, पण नाव-पत्त्यासकट सगळेच रिकामे करते, आणि पुन्हा तीच तक्रार दिसते, 'नाव भरा'. एनजिनएक्स 413 क्रमांकाचे स्वतःचे इंग्रजी पान पाठवतो. स्क्रिप्ट ते जेसन (माहिती देण्याघेण्याचा ठरलेला साचा) समजून वाचायला जाते, अडखळते आणि बटणावर 'पाठवत आहे…' हे शब्द कायमचे गोठतात. बटण मोकळे करण्याची ओळ 'फायनली'मध्ये, म्हणजे चूक झाली तरी चालणाऱ्या भागात, लिहिली की ही कोंडी सुटते. त्याहून चांगले म्हणजे फोटो पाठवण्याआधी ब्राउझरमध्येच लहान करणे. 'कॅनव्हास'वर (ब्राउझरमधल्या चित्राच्या फळ्यावर) लांब बाजू 1200 पिक्सेल करून 0.8 दर्जाचा जेपीईजी काढला की फोटो बहुधा काही शे केबीवर येतो आणि सातबाराही वाचता येतो. किती टक्के गेले ते दाखवायचे असेल तर मात्र एजॅक्सच्या काळातला जुना एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टच वापरावा. चढवण्याची प्रगती तो सरळ सांगतो, फेच सांगत नाही. ग्रामीण भागासाठी आम्ही तरी टक्के दाखवूच. हलणारी पट्टी दिसली की माणूस थांबतो, नुसते फिरणारे चक्र दिसले की पुन्हा दाबतो.

आकडे हा आपल्याच लिपीचा प्रश्न आहे. मोबाइलवर मराठी कीबोर्ड चालू असेल तर फोन क्रमांक ९८… असा देवनागरीत उमटतो. जावास्क्रिप्टच्या तपासणीत अंकांसाठी जी खूण वापरतात तिच्यात फक्त 0 ते 9 हेच अंक बसतात. मग दहा अंक बरोबर लिहिलेले असूनही पान 'वैध मोबाइल क्रमांक टाका' म्हणत राहते आणि माणसाला आपले काय चुकले ते कळत नाही. तपासण्याआधी ० ते ९ ची 0 ते 9 मध्ये अदलाबदल करणारी एक ओळ पुरते. 'नंबर' प्रकारचा रकाना फोनसाठी वापरू नये, 'टेल' वापरावा. अंकांचा कीबोर्ड तोही उघडतो.

पान न बदलता माहिती मागवण्याचा आणखी एक नेहमीचा वापर म्हणजे जिल्हा निवडल्यावर तालुके येणे. एखाद्याने चुकून जळगाव निवडले आणि लगेच धुळे केले. दोन विनंत्या गेल्या. धुळ्याचे चार तालुके आधी आले, जळगावचे पंधरा रेंगाळत नंतर आले आणि यादीवर बसले. आता वर धुळे आणि खाली अमळनेर, भडगाव, चोपडा. साक्रीचा माणूस साक्री शोधतो आहे. जुनी विनंती 'ॲबॉर्ट' (रद्द) करावी, किंवा उत्तर आल्यावर अजून तोच जिल्हा निवडलेला आहे का ते पाहून मगच यादी भरावी. पण आमचे मत विचाराल तर तालुके मागवूच नयेत. जळगाव 15, धुळे 4, नंदुरबार 6, तिन्ही मिळून 25 नावे, एका केबीच्या आत बसतात. पानातच लिहून टाका. गावांची यादी मोठी असते, तेवढीच मागवा.

चूक दाखवताना ती कुठे दिसते हेही पाहावे. लांब अर्जात बोट तळाच्या बटणावर असते आणि निरोप वर, पडद्याबाहेर. माणसाला वाटते काही झालेच नाही. पहिल्या चुकीच्या रकान्यावर कर्सर नेऊन ठेवावा आणि निरोपाच्या जागेला 'अलर्ट' ही भूमिका द्यावी, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन अर्जदारालाही तो ऐकू येतो. कॅप्चा चुकला तर कॅप्चाच बदलावा. अर्ज पक्का झाला की मात्र खुशाल नव्या पानावर न्यावे, जिथे अर्ज क्रमांक, तारीख आणि छापण्यासारखी पोचपावती असेल. इथे पान बदलणेच बरे, कारण ती पावती पुन्हा उघडली तरी अर्ज पुन्हा जात नाही.

अर्धवट अर्ज ब्राउझरमध्ये जपून ठेवण्याची सोय चांगली, पण 'लोकलस्टोरेज'मध्ये ठेवलेले ब्राउझर बंद केल्यावरही राहते. केंद्रातल्या सामाईक संगणकावर पुढच्या अर्जदाराला मागच्याचे नाव-गाव दिसेल. तिथे टॅबसोबत पुसले जाणारे 'सेशनस्टोरेज' वापरावे आणि आधार व खाते क्रमांक त्यातही ठेवू नयेत.

ब्राउझरमधली तपासणी कितीही नीट असली तरी तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा हवीच. ब्राउझरमधली तपासणी अर्जदाराच्या सोयीसाठी, सर्व्हरवरची नोंदीच्या खरेपणासाठी.

संकेतस्थळ करून घेणाऱ्या संस्थांना विनंती अशी की शेवटचा हप्ता देण्याआधी अर्धा तास स्वतः बसून पाहावे. क्रोममध्ये एफ12 दाबून 'नेटवर्क' या भागात वेग मुद्दाम कमी करता येतो, 'ऑफलाइन'ही करता येतो. अर्ज भरून ऑफलाइन करा आणि सबमिट दाबा. भरलेले सगळे जागेवर राहिले पाहिजे आणि मराठीत निरोप आला पाहिजे. ऑनलाइन होऊन पुन्हा दाबा. मंद वेगावर बटण पाठोपाठ दोनदा दाबा आणि नोंद एकच झाली का ते तक्त्यात पाहा. मोबाइलचे तीन फोटो जसेच्या तसे जोडा. फोन क्रमांक देवनागरीत लिहा. फॉर्म उघडा ठेवून जेवून या आणि मग पाठवा. परत लॉगिन करायला सांगितले तर हरकत नाही, पण लॉगिन त्याच पानावर चौकटीत व्हावे आणि अर्ज मागे शाबूत असावा. करारातच या चाचण्या लिहिल्या तर उत्तम.

तोवर केंद्रचालकांसाठी एवढेच. मोठा मजकूर आधी नोटपॅडमध्ये लिहून चिकटवा, फोटो आधीच लहान करून ठेवा. पान रिफ्रेश करताना ब्राउझरने 'फॉर्म पुन्हा पाठवायचा का' असे विचारले तर होय म्हणू नका, आधी लॉगिन करून अर्जांच्या यादीत नोंद दिसते का ते पाहा. आणि हिरवी चौकट दिसली तरी अर्ज क्रमांक कागदावर उतरल्याशिवाय अर्जदाराला उठू देऊ नका.

आपले,
संकेतस्थळे बांधणारे व ते काम शिकवणारे काही जण,
जळगाव व धुळे